शांतिनाथ आप्पांनी साताऱ्यात खायचं काय

शांतिनाथ आप्पांनी पेढा खाल्ला.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. पेढा खाल्ला गेलेला नाही, त्या वेळी तिथे कुणी नव्हतं, आणि जे चौघं होते त्यांनी काहीही पाहिलेलं नाही, असं त्या चौघांमध्ये एकमतानं ठरलं आहे. पाचवा साक्षीदार एक माकड होता, पण त्याला कुणी विचारलेलं नाही. तेव्हा आपण अजून कुणीच काही खाल्लेलं नाही अशा ठिकाणापासून सुरुवात करू. असं ठिकाण म्हणजे सातारा.

आप्पा हे प्रियदर्शनीचे वडील. राहायला सांगलीत आणि कुपवाडला त्यांचं मशीनचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप. आयुष्यभर त्यांनी दोनच निर्णय दिले आहेत, पास आणि रिजेक्ट. ‘चालेल’ नावाचा प्रकार त्यांच्याकडे नाही. आम्हा दोघांना लग्न करायचं आहे हे त्यांना समजलं, तेव्हा त्यांनी मला सांगलीला बोलावून वरपासून खालपर्यंत बघितलं, चहा दिला, आणि पुढे बरेच दिवस काही कळवलं नाही. मग एक दिवस फोन आला.

“पोरगा बघितला,” आप्पा म्हणाले. “आता गाव बघायचंय.”

“कधीही या आप्पा. किल्ला आहे, संग्रहालय आहे...”

“किल्ला काय करू? माझी लेक किल्ला खाणार हाय व्हय? तुमच्या गावात तिनं खायचं काय, ते दाखव. पेठांपेठांतनं फिरव. सकाळी येतो, दिवस मावळायच्या आत खाऊन परत.”

“मग घरीच जेवायला...”

“मुलीच्या बापानं मुलाच्या घरात अन्न घ्यायचं नसतंय. आणि पाव्हण्यासाठी घरात कोणबी चांगलं करतंय की. मला गाव बघायचंय.”

फोन ठेवल्या ठेवल्या प्रियदर्शनीचा मेसेज आला. ‘आप्पा तुझ्या गावात पोटभर खाऊन आले तर हो. उपाशी आले तर विषय संपला. भूक लागली की ते गप्प होतात. गप्प झाले की घाबर.’

मी घाबरलो नाही. मला माझ्या गावाचा अभिमान होता. तो तोपर्यंत कुणी तपासलेला नव्हता.

सातारा हे पेठांचं शहर आहे. वारांच्या पेठा आहेत, आणि वार संपल्यावर उरलेल्या पेठांना माणसांची नि देवांची नावं दिलेली आहेत. इथे माणूस सोमवारी शनिवारात जातो, मंगळवारातून बुधवारात निघतो, आणि कुणाला चक्कर येत नाही. प्रत्येक पेठेत एक तरी जागा अशी आहे, की जिच्यासारखं जगात कुठेही मिळत नाही, असं त्या पेठेतला माणूस सांगतो. तो जगात कुठेही गेलेला नसतो, पण तेवढ्यावरून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही.

पाहुण्यांना कुठे न्यावं, असं मी आमच्या बिल्डिंगमध्ये सहज विचारलं. तळमजल्यावरच्या काकूंनी मंगळवार पेठेतली मिसळ सांगितली. ती मिसळ आता पहिल्यासारखी राहिली नाही, असं पहिल्या मजल्यानं सांगितलं. त्यावर काकूंनी ‘तुमची जीभ राहिली नसेल’ असं म्हटलं. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह तळमजल्याकडे असतो. त्या संध्याकाळी पहिल्या मजल्याला पाणी आलं नाही. मी अजून कुणाला जेवायलाही नेलं नव्हतं, आणि दोन मजले बोलायचे थांबले होते. मला धक्का बसला. तेव्हा मला वाटलं, हा मोठा धक्का आहे.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या नानासोंनी सूत्रं हातात घेतली. नानासो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण फक्त कागदोपत्री. त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे. जीप मागितली की नानासो सोबत येतात. दोन्ही वेगवेगळे मिळत नाहीत.

“टार्गेट खातंय काय?” त्यांनी विचारलं.

“पाहुणे म्हणा काका.”

“पाव्हणं खातंय काय?”

“जैन आहेत. कांदा नाही, लसूण नाही.”

“आणि?”

“आणि बाकी सगळं चालतं,” मी म्हणालो.

हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, ते सांगणं भाग आहे, आणि ते सांगता येत नाही. एवढंच सांगतो की कॉलेजची चारही वर्षं प्रियदर्शनी कॅन्टीनमध्ये एक गोल, पिवळा, तळलेला पदार्थ मोठ्या आवडीनं खायची. त्याच्या आत जमिनीखाली येणारी एक भाजी असते. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही, कारण आप्पा वाचतात.

मी ‘पेठनिहाय खाद्ययोजना’ तयार केली आणि लॅमिनेट करून घेतली. लॅमिनेट केलेल्या कागदावर पेनानं काही खोडता येत नाही. ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते मला पुढे कळायचं होतं.

आप्पा एसटीनं आले. सोबत त्यांची थोरली बहीण चंपाबाई अक्का होत्या. अक्कांच्या हातात स्टीलचा डबा होता.

“हे कशाला आणलंत अक्का?” मी म्हणालो. “आज सगळं साताऱ्याचं खायचंय.”

“ते त्यानं खायचंय,” अक्का म्हणाल्या. “मी परीक्षेला बसले न्हाई.”

पोवई नाक्यावर सुरुवात चहानं केली. माझा विचार असा, की चहात कोण काय चुकवणार. आप्पांनी कप उचलला, नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

“आलं घातलंय?”

“हो, आल्याचा स्पेशल,” मी म्हणालो. “आमच्या जिल्ह्याचं आलं नावाजलेलं आहे. जमीनच तशी आहे इथली.”

“जमिनीतच येतंय नव्हं?”

“हो. फार छान येतं.”

“जमिनीच्या आत येतंय ते मी खात न्हाई.”

“आलं खात नाही?”

“कंदमूळ कुठलंच न्हाई. आमच्यातले सगळे एवढे कडक नसत्यात. मी हाय.”

नानासोंनी जीपच्या आरशातून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या मांडीवरच्या योजनेकडे बघितलं. मंगळवार पेठ, मिसळ, तिच्यात बटाटा. शनिवार पेठ, वडा, तो तर बटाट्याचाच. पुढे समोसा, पावभाजी, भेळ, पॅटिस. माझं शहर जमिनीच्या वरचं जवळजवळ काहीच खात नाही, हे मला त्या दिवशी सकाळी पोवई नाक्यावर समजलं. मी इथे जन्मलो, वाढलो, इथेच मतदान केलं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हादरलो. पण चेहरा तसाच ठेवला, कारण आप्पा चेहऱ्याकडे बघत होते.

“रेकी झाली न्हाई गड्या,” नानासो हळूच म्हणाले. “आपण आंधळी चढाई करतोय.”

मंगळवार पेठेत मी आप्पांना जीपमध्येच बसवून आधी एकटा आत गेलो.

“एक मिसळ, कांदा न घालता,” मी मालकांना म्हणालो.

“वरचा काढतो.”

“आतला?”

“आतला कसा काढू? त्यो पहाटंच रश्शात गेला. आता त्यो कांदा राह्यलाच न्हाई.”

“आणि बटाटा नको.”

मालकांनी पळी खाली ठेवली. “मिसळ नको म्हन की सरळ. लाजतोस कशाला?”

तेवढ्यात मागून आप्पा येऊन उभे राहिले. “नुसती मटकी देता का वो?” त्यांनी विचारलं.

“नुसती मटकी लोकांनी खाल्ली असती, तर मी मिसळ कशाला इकली असती?”

आप्पांना हे उत्तर आवडलं. बाहेर येताना ते म्हणाले, “माणूस पास. माल रिजेक्ट.” माझ्या शहराचं पहिलं रिजेक्शन झालं. आरशात नानासोंनी मान खाली घातली, जणू कुणीतरी शहीद झालं होतं.

शनिवार पेठेत पोचलो तेव्हा वार बुधवार होता, पण त्याला कुणी जबाबदार नाही. इथे माझा डाव मिरची भज्यांवर होता. मिरची जमिनीच्या वर येते, बेसन वर येतं, मीठ समुद्रात येतं. कुठेही अडचण नव्हती. भजी कढईत पडली, फुलली, झाऱ्यात आली. मला प्रियदर्शनीशी झालेलं लग्न डोळ्यांसमोर दिसत होतं. आप्पांनी पेपरचा तुकडा हातात धरला आणि गाडीवाल्याला विचारलं, “ह्याच तेलात आधी काय तळलं?”

“कांदाभजी,” गाडीवाला अभिमानानं म्हणाला. “लय खपत्यात.”

आप्पांनी पेपरची घडी घालून तो परत दिला. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या योजनेवर गेली. ‘शनिवार पेठ’, आणि पुढे ठळक अक्षरात ‘बटाटेवडा (खास)’. मी त्यावर अंगठा ठेवला. लॅमिनेशन चकाकत होतं.

“बटाटा चालतोय, असं तुला कुणी सांगितलं?” आप्पांनी विचारलं.

या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तर लग्न मोडणार होतं, आणि खोटं दिलं तरीही. मी कढईकडे बघत राहिलो. तेव्हा अक्का जीपच्या खिडकीतून, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “पोरं कॉलेजात जात्यात शांतू. काय काय शिकत्यात.” आणि त्यांनी डबा उघडून चपातीचा तुकडा मोडला. अक्कांना सगळं माहीत होतं. मला वाटतं अक्कांना सगळं नेहमीच माहीत असतं, त्या फक्त परीक्षेला बसत नाहीत.

यादोगोपाळ पेठेतून आम्हाला गुपचूप जायचं होतं, कारण तिथे माझी मनुआत्या राहते. पण नानासोंच्या जीपचा आवाज चार पेठांना ओळखीचा आहे. आत्या रस्त्याच्या मधोमध उभी होती.

“माझ्या दारावरनं पाव्हणं घेऊन चाललास, आणि बाहेरचं खायला घालतोस?” ती म्हणाली. “कोण म्हणंल आमचं खानदान हाय म्हणून?”

आम्ही वर गेलो. पोहे तयार होते. मी आत्याला स्वयंपाकघरात गाठून कांद्याबद्दल सांगितलं.

“कांदा न घालता पोहे?” आत्याला खरोखरच बसावं लागलं. “मग ते नुसते भिजलेले म्हणायचे.”

“आणि आत्या, ते मुलाकडच्यांच्या घरात अन्नच घेत नाहीत.”

“पाणी?”

“पाणी घेतील.”

आत्यानं पाणी दिलं. आप्पांनी घेतलं. नुसत्या पाण्यावर पाहुणा घालवायचा, हे तिच्या जिवावर आलं, म्हणून ती साखरेचा डबा घेऊन बाहेर आली. “चिमूटभर साखर तरी तोंडात टाका.”

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. “साखर? आवं, ठरल्याबिगर तोंड गोड?”

आता इथे मला थोडं गंभीर व्हावं लागतं. आमच्या भागात, मग ते सातारा असो की सांगली, सोयरीक ही कागदावर ठरत नाही. ती तोंडात ठरते. दोन्हीकडची माणसं बसतात, बोलणी होतात, आणि मुलाकडच्या हातचं गोड मुलीच्या बापानं खाल्लं की विषय मिटला. मग देव आला तरी माघार नाही. म्हणून पोरीचे बाप ठरायच्या आधी गोडाकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि माझ्या गावाचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ म्हणजे कंदी पेढा. दूध आणि साखर. कांदा नाही, बटाटा नाही, आलं नाही, जमिनीचा संबंध नाही. चौकाचौकात त्याच्या राशी लावून ठेवलेल्या. आप्पांना साताऱ्यात निर्धास्त खाता येईल अशी एकच वस्तू होती, आणि तीच खाल्ली की मुलगी द्यावी लागत होती. आत्याच्या दिवाणखान्यात, साखरेच्या डब्याकडे बघताना हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात लागला, आणि मला दरदरून घाम फुटला. डिसेंबर होता.

निघताना आत्यानं माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स कोंबला. “ठरलं की उघड,” ती कानात म्हणाली. “न्हाई ठरलं तर परत आण.”

मग दुपार झाली. दुपारी सातारा झोपतो. दुकानांची शटरं खाली आली, आणि आम्ही एकेरी रस्त्यांवरून गोल गोल फिरत राहिलो. एका इडलीच्या दुकानापाशी गेलो, तर इडली सकाळीच संपली होती. नानासोंनी गाडी बाजूला घेतली. “केळी घेऊ का आप्पा?”

“केळी सांगलीत मिळत्यात,” आप्पा म्हणाले.

यानंतर आप्पा काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, विचार करत असतील. गुरुवार पेठ गेली, आप्पा गप्प. मोती चौक गेला, आप्पा गप्प. फोन वाजला. प्रियदर्शनीनं विचारलं होतं, ‘बोलतायत ना?’ मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि फोन खिशात ठेवला. मागच्या सीटवर अक्कांनी डब्यातला शेवटचा घास खाऊन झाकण लावलं. त्या झाकणाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

ऊन उतरायला लागलं तशी राजवाड्यापुढची चौपाटी जागी झाली. गाड्यांची रांग लागली. तिथे नानासोंना डोसा सुचला. मी म्हणतो, या माणसाला पदक मिळालं पाहिजे. डोशात तांदूळ, उडीद, मीठ. भाजी नको, सांबार नको, साधा डोसा आणि खोबऱ्याची चटणी. मी गाडीवाल्याला सगळं समजावलं. चटणीत काय आहे, विचारून घेतलं. तेल नवीन ओतायला लावलं. आप्पा स्वतः तव्यासमोर येऊन उभे राहिले. एवढ्या तासांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

गाडीवाल्यानं तव्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. मग त्यानं खालून अर्धा चिरलेला कांदा काढला, काट्याला टोचला, तेलात बुडवला आणि सगळ्या तव्यावरून गोल फिरवला.

नानासोंनी टोपी काढली.

“काय झालं?” गाडीवाला म्हणाला. “कांदा घातला न्हाई की. नुसता तवा पुसला.”

आणि त्याच क्षणी ऊन गेलं. सातारकरांना ठाऊक आहे, की आमच्या गावाच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, आणि सूर्य आधी त्याच्या मागे जातो, मग सावकाश मावळतो. पण आप्पा सांगलीचे. सपाट गावात सूर्य गेला म्हणजे गेला.

“झालं,” आप्पा म्हणाले. कित्येक तासांतला हा पहिला शब्द. “दिवस मावळला. आता पाणीबी न्हाई.”

“मावळला नाही आप्पा,” मी म्हणालो. “डोंगराआड गेलाय. पंचांगात अजून वेळ आहे.”

“मला दिसतोय व्हय सूर्य? मग?”

“आवं, दिसतोय की,” नानासो म्हणाले. “हितनं दिसत न्हाई, वरनं दिसतोय. शत्रू टेकडीमागं लपला, तर टेकडीवर जायाचं असतंय. बसा गाडीत.”

निघताना मला कोपऱ्यावर एका बाईकडे भाजलेलं कणीस दिसलं. मका. उंच झाडावर येतो, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढा वर. गोडही नाही, कांदाही नाही. दिवसभर मी या माणसाला अख्ख्या गावातून फिरवलं, आणि कणीस मला सुचलं नव्हतं. मी ते विकत घेतलं. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. “सूर्य दाखव,” ते म्हणाले. “मग खातो.”

यवतेश्वरच्या चढाला लागायच्या आधी एक बांबू आडवा टाकलेला होता. परिसर शिस्त समिती नावाचं काहीतरी महिन्याभरापूर्वी स्थापन झालं होतं आणि त्या समितीचे ज्योतिबा नावाचे गृहस्थ तिथे पावती पुस्तक घेऊन बसले होते.

“हेतू?” ज्योतिबांनी विचारलं.

“वर जायचंय.”

“त्यो रस्ता झाला. हेतू काय?”

“पर्यटन,” मी म्हणालो.

“पर्यटनाला आता वर सोडत न्हाई. सूर्यास्त जवळ आला.”

“आम्ही सूर्यास्तासाठीच चाललोय.”

“सूर्यास्त बघणं म्हंजे पर्यटनच.”

“बघायचा नाही,” मी म्हणालो. “त्याच्या आधी पोचायचंय. हे कणीस आहे ना, ते या पाहुण्यांनी सूर्य असताना खायचंय.”

ज्योतिबांनी पावती पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. त्यांनी मनापासून शोधलं, हे मी कबूल करतो. “तसा रकाना न्हाई,” ते म्हणाले. “स्थानिक, पर्यटन, देवदर्शन आणि इतर. इतरला अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष पाचगणीला लग्नाला गेल्यात.”

“देवदर्शन लिव्ह,” नानासो म्हणाले.

“देऊळ बंद व्हायला आलंय.”

“देवळातल्या देवाचं कोण म्हणतंय? सूर्य देव न्हाई व्हय रं?”

ज्योतिबांनी पेनाचं टोपण काढलं. पावतीवर त्यांनी ‘देवदर्शन (सूर्य)’ असं लिहिलं, बांबू उचलला, आणि मला वाटतं नंतर बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले.

घाट नानासोंनी चढवला त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. गावावर सावली पडली होती, समोर अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर तेवढं ऊन उरलं होतं, आणि जीप प्रत्येक वळणावर त्या उन्हाच्या मागे धावत होती. मागे आप्पा गप्प. अक्का मात्र म्हणाल्या, “वय झालं माझं, पण जेवायसाठी सूर्याचा पाठलाग केलेला बघितला नव्हता.”

शेवटचं वळण घेतलं, आणि सूर्य समोर आला. पठारावर लालसर ऊन सांडलं होतं. क्षितिजाच्या वर अजून दोन बोटं जागा होती. आप्पा खाली उतरले, एका दगडावर बसले, डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडून त्यांनी हात पुढे केला. मी कणीस पुढे केलं.

ते माकडानं घेतलं.

हिसकावलं असं म्हणता येणार नाही. मी दिलं तसं त्यानं घेतलं. फक्त, मी ते आप्पांना देत होतो. माकड दोन उड्यांत कड्याच्या कठड्यावर गेलं आणि आमच्याकडे तोंड करून, अगदी सूर्यप्रकाशात, नियमाप्रमाणे खाऊ लागलं.

आप्पांचा हात अजून पुढेच होता. सूर्य एका बोटावर आला होता.

“अक्का, डबा?” मी म्हणालो.

“दुपारीच संपला.”

जीपमध्ये फक्त एक गोष्ट उरली होती. मी ती आणली नाही. माझी हिंमतच झाली नाही. ती अक्कांनी आणली. बॉक्सची दोरी त्यांनी सोडली आणि बॉक्स माझ्या हातात दिला. आप्पांनी पेढ्यांकडे बघितलं. मग सूर्याकडे. मग माझ्याकडे. सकाळपासून या माणसाच्या पोटात आत्याच्या घरच्या पाण्याशिवाय काही नव्हतं.

“हा भुकेचा पेढा हाय,” आप्पा म्हणाले.

“हो आप्पा.”

“सोयरिकीचा न्हाई.”

“नाही आप्पा.”

“सगळ्यांनी ऐकलं?”

नानासोंनी सावधान होऊन ऐकलं.

त्यानंतर जे झालं, ते झालेलं नाही. पण झालं असतं तर असं झालं असतं, की आप्पांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि बराच वेळ ते उघडले नाहीत. मग दुसरा खाल्ला. मग तिसरा हातात घेतला, तोवर सूर्य गेला, म्हणून परत ठेवला.

“पास,” ते म्हणाले.

“काय पास?” अक्कांनी विचारलं.

“पेढा.”

“शांतू,” अक्का दगडावर त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या, “भर उजेडात, चार माणसांत, मुलाच्या हातनं तोंड गोड केलंस. ह्याला काय म्हणत्यात?”

“भुकेचा होता म्हटलंय मी.”

“पेढ्याला कळतंय व्हय, भूक कुठली ती?”

आप्पा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. “आणि दिवस मावळला होता की. मावळल्यावरचं धरायचं नसतंय.”

“मावळला होता?” अक्का शांतपणे म्हणाल्या. “म्हंजे नेम मोडलास.”

पठारावर वारा सुटला होता. सूर्य होता म्हणावं तर मुलगी गेली. सूर्य नव्हता म्हणावं तर नेम गेला. मी आप्पांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे असा माल आला होता, की जो पासही करता येत नव्हता आणि रिजेक्टही.

“दोन्हीकडनं घेरलं,” नानासो माझ्या कानात म्हणाले. “बाईंनी फौजेत जायला पाहिजे होतं.”

शेवटी आप्पा उठले, धोतर झटकलं. “मी पेढा खाल्लाच न्हाई,” ते म्हणाले. आणि आम्ही चौघांनी ते मान्य केलं.

स्टँडवर मनुआत्या आलेली होती. तिला कुणी कळवलं ते नानासोंना माहीत नाही. तिनं आप्पांकडे बघितलं. आप्पांच्या मिशीला पेढ्याचा कण लागला होता. आत्यानं तो बघितला, आणि ती काही बोलली नाही. मी तिला जन्मापासून ओळखतो. असं कधी झालेलं नाही.

एसटीत चढताना आप्पा पायरीवर थांबले.

“वीरधवल,” ते म्हणाले, “तुमी कार्य दिवसाचं धरा. पंगत उजेडात उठली पाहिजे. आणि हितं नको, सांगलीत. सपाट गाव हाय, सूर्य शेवटपर्यंत दिसतोय.”

सकाळपासून ते मला अरेतुरे करत होते.

“कसलं कार्य आप्पा?”

“कसलं न्हाई. सहज म्हटलं. काय झालंय का?”

“काही नाही.”

“मग झालं तर.”

त्या दिवशीचा प्रियदर्शनीचा शेवटचा मेसेज असा. ‘आप्पा पोचले. काय खाल्लं विचारलं तर काहीच नाही म्हणतात. पण सारखं बोलतायत. घाबरू नकोस.’

मी घाबरलो. कारण घरी आल्यावर आई म्हणाली, कार्य साताऱ्यातच होणार. आत्या म्हणाली, होणार म्हणजे काय, झालंच पाहिजे, आम्ही काय सांगलीला जाऊन पंगतीला बसायचं? तळमजला आणि पहिला मजला यावर पुन्हा बोलायला लागले, आणि दोघांचंही मत सातारा. आप्पा फोनवर म्हणतात, कसलं कार्य ते त्यांना माहीत नाही, पण ते सांगलीतच, कारण तुमच्या गावात डोंगर मध्ये येतोय. मधल्या मध्ये मी. सगळ्यांच्या बाजू ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की यात कुणाचीच चूक नाही. चूक डोंगराची आहे.

सबब, मा. जिल्हाधिकारी महोदय यांस सविनय विनंती, की सातारा शहराच्या पश्चिमेस असलेला यवतेश्वरचा डोंगर, सार्वजनिक हितास्तव व किमान एका दिवसापुरता, आहे त्या जागेवरून पश्चिमेकडे सरकवण्यात यावा. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास, शेवटची पंगत उठेपर्यंत सूर्यास जागेवर थांबण्याची लेखी समज देण्यात यावी व त्याची एक प्रत सांगलीस पाठवण्यात यावी. सदर अर्जाचा कोणत्याही पेढ्याशी संबंध नाही. पेढा खाल्ला गेलेला नाही. याबाबत चौकशी लावायची झाल्यास माकडास बोलावू नये, ही वेगळी विनंती.